खारट लाल खडा

दगड पारखणाऱ्यांना एक ओंगळ खोड असते. चारचौघांत ती कोणी कबूल करत नाही, पण कच्चा दगड हातात आला की ते तो हळूच जिभेला लावतात. यात जादू वगैरे काही नाही. धुळीने आंधळा झालेला दगड ओला झाला की त्याचा खरा रंग वर येतो, आतली भेग दिसते. काच असेल तर ती जिभेला कोमट लागते आणि स्फटिक असेल तर गार. समोर पाण्याची वाटी असते, कापूसही असतो. पण वाटीपेक्षा जीभ जवळ, आणि माणूस मुळात आळशी. पुस्तकांत ‘असे करू नये’ असं छापलेलं असतं आणि पुस्तकं लिहिणारेही तेच करतात.

भिंगवाल्या बाई वीसेक वर्षं हेच करत आल्या होत्या. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचण्याची तसदी कोणी घेत नसे. गळ्यात दोरीला भिंग लटकलेलं असायचं, म्हणून भिंगवाल्या बाई. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. उत्तरेला मोठी खिडकी, कारण तिकडचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. खिडकीखाली टेबल, टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू, दोन-तीन यंत्रं आणि कडेला चहाचं सामान. लोक दगड आणायचे, बाई तो काय आहे आणि त्याचं काय मोल येईल ते सांगायच्या. स्वतः दगड विकत घेत नसत. तरी येणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे पाकीटमाराकडे बघावं तसा बघायचा. त्याची त्यांना सवय झाली होती.

त्या दिवशी दुपारी आलेले मुकादम मात्र सगळ्यांवर कडी होते. सत्तरीचे, अंगाने काटक, डोक्यावर टोपी. आयुष्य खाणीत गेलेलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं मुकादमकी. आत आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली ती इतकी पुढे, की गुडघा बाईंच्या गुडघ्याला लागला.

“मी इथेच बसणार,” ते म्हणाले. “दगड माझ्या नजरेआड करायचा नाही. एकदा एकाने आतल्या खोलीत नेला आणि दुसराच आणून दिला.”

“काका, मला आतली खोलीच नाही,” बाई म्हणाल्या. “चोरी करायची म्हटली तरी गैरसोय आहे.”

मुकादम हसले नाहीत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे तर पाणीसुद्धा फुंकून पिणारे दिसत होते. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशाची सेफ्टी पिन काढली, रुमाल काढला, रुमालातून डबी, डबीतून कापूस आणि कापसातून खडा.

सुपारीएवढा खडा, तीन बाजू सपाट, एक कोपरा फाशासारखा काटकोनात. आणि रंग! माणिक असा नसतो, गोमेद असा नसतो. तापलेल्या निखाऱ्याचा गाभा असतो तसा लाल. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं, खडा खिडकीकडे धरला, फिरवला. वरून थोडा धुरकट दिसत होता. मग हात आपोआप वर गेला आणि जीभ आपोआप बाहेर आली.

खारट लागला. म्हाताऱ्याच्या खिशातला घाम, बाईंनी मनात म्हटलं, आणि तोंड वाकडं केलं.

मुकादम पहिल्यांदा हसले. “आमची चिमणी अगदी अश्शीच करते!”

“चिमणी कोण?”

“नात. पाच वर्षांची होईल आता. मीच शिकवलंय तिला. म्हटलं, बघ, ओला केला की रंग कसा उघडतो! महिनाभर तेच वेड लागलंय. शाळेतून आली की आजोबा, लाल दगड द्या. आवडीने चाटते.”

“मुकादमाची नात शोभते,” बाई म्हणाल्या आणि खडा तराजूत ठेवला. आकडा स्थिरावला. एकोणीस ग्रॅम आणि वर थोडं.

“चूक आहे,” मुकादम म्हणाले.

“काय चूक आहे?”

“बावीस. हा खडा बावीस ग्रॅमचा आहे. खाणीतल्या काट्यावर मी स्वतः तोललाय. चार वेळा तोललाय.”

“तुमच्या खाणीतला काटा कोळशाच्या पोत्यांचा असेल.”

“बाई, नमुने तोलायचा काटा होता. मला शिकवू नका. बावीस.”

बाईंनी तराजूवर पितळी वजन ठेवून दाखवलं. तराजू बरोबर होता. मुकादमांनी ते वजनही उचलून उलटसुलट पाहिलं, जणू तेही पोकळ असेल. त्यांचा चेहरा कडू झाला तो झालाच. बाईंनी वाद वाढवला नाही. गिऱ्हाइकांच्या डोक्यातले दगड नेहमीच जड असतात, हा त्यांचा अनुभव होता.

मग त्या कामाला लागल्या. दोन काळसर भिंगांच्या मधे खडा धरून फिरवला. तो चारी दिशांनी अंधारातच राहिला, म्हणजे माणिक नक्की नव्हे. तांब्याची तार एका कोपऱ्यावर अगदी हलकेच ओढली तर चरा पडला. बाई दचकल्या. एवढा मऊ? मुकादमांनी चरा पाहिला नाही हे नशीब. मग प्रकाश दगडात शिरताना किती वाकतो ते मोजायचं यंत्र काढलं, खड्याची सपाट बाजू त्याच्या काचेवर टेकवली आणि डोळा लावला. सावलीची रेघ कुठेच नाही. बाईंनी पट्टीवर वरून खाली शोधलं. रेघ होती, पण पार तळाला, पट्टी संपते तिथे. बाईंच्या हाताखालून इतके दगड गेले, पण प्रकाश एवढा कमी वाकवणारा एकही नव्हता. जवळजवळ पाण्याएवढाच.

“बिघडलंय वाटतं यंत्र,” त्या पुटपुटल्या.

“आता यंत्र बिघडलं,” मुकादम म्हणाले. “मघाशी माझा काटा बिघडला होता.”

“काका, जरा धीर धरा. आणला कुठून हा खडा?”

“आमच्या खाणीतून, आणखी कुठून? काळ्या खडकात पोकळ्या असायच्या, त्यात निघायचे. पण हाताला लागायचे थोडे. चोर सगळे! आज मी बघून यावं की इथे मूठभर लाल खडे आहेत, मधे पाणी शिरावं, चार दिवसांनी पंप लावून पाणी उपसावं आणि आत जाऊन बघावं तर नुसती भोकं. खडे गायब. माझ्या पाळीच्या माणसांनी लंपास केले. दोघांना मी हाकलूनसुद्धा दिलं. कबूल कोणी झालं नाही शेवटपर्यंत.”

बाईंचं अर्धंच लक्ष होतं. त्या पुढच्या परीक्षेची तयारी करत होत्या, आणि ती पाण्याची होती. दगड आधी हवेत तोलायचा, मग तारेच्या छोट्या पिंजऱ्यात घालून पाण्यात सोडून तोलायचा. दोन वजनांच्या फरकावरून तो किती घट्ट आहे ते कळतं, आणि बहुतेक दगड तिथे आपली जात सांगून मोकळे होतात. ही परीक्षा बाईंनी हजारदा केली असेल. त्यांनी काचपात्र भरलं, पिंजरा टांगला, खडा आत ठेवला आणि पाण्यात सोडला.

खडा दिसेनासा झाला.

म्हणजे रंग होता. पिंजऱ्यात लाल धूर कोंडल्यासारखा रंग तरंगत होता, पण त्याला कडा नव्हत्या, कोपरे नव्हते, सपाट बाजू नव्हत्या. आत्ता बोटांत धरलेला टणक खडा पाण्यात गेला आणि त्याचं अंगच नाहीसं झालं.

मुकादम खुर्ची पाडून उठले. “दगड कुठे गेला? बाई, दगड कुठे गेला?”

“आहे, आहे,” बाई म्हणाल्या, पण त्यांच्याही अंगावर काटा आला होता. त्यांची नजर तराजूवर गेली. आकडा थांबत नव्हता. थोडा उतरला, पुन्हा थोडा उतरला. कुठून तरी हवा लागत असेल म्हणून त्यांनी खिडकी लावली. आकडा उतरतच होता. त्यांनी वाकून पात्रात पाहिलं. खड्याच्या खालून एक बारीक लहर तळाकडे जात होती, चहात साखर विरघळताना दिसते तशी.

बाईंनी झटकन पिंजरा वर काढला. खडा होता. पण फाशासारखा काटकोनी कोपरा आता बोथट झाला होता, आणि हाताला खडा साबणासारखा बुळबुळीत लागत होता. पुसून पुन्हा तराजूत ठेवला. मघापेक्षा कमी.

“माझ्या डोळ्यांदेखत!” मुकादम ओरडले. “माझ्या डोळ्यांदेखत बदलला!”

बाईंना ते ऐकू आलं आणि आलंही नाही. त्यांच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जागेवर बसत होत्या. पाण्यात विरघळणारा दगड. पाण्याएवढाच प्रकाश वाकवणारा. तांब्याने चरा पडणारा. पाणी शिरलं की खाणीत नुसती भोकं. चव खारट. शिकत असताना गुरुजींच्या कपाटात त्यांनी असाच एक पाहिला होता, वाटाण्याएवढा, मेण लावून बंद केलेल्या नळीत. नाव विलियोमाइट. गुरुजींनी नळी हातात देताना सांगितलं होतं की बाकी दगडांना तुम्ही काय वाटेल ते करा, याला जीभ लावायची नाही. हे सोडियम फ्लोराइड आहे. टूथपेस्टमध्ये नखभर घालतात तेच. पूर्वी झुरळं मारायच्या पावडरीतही घालायचे.

पहिली भीती स्वतःची वाटली, हे सांगायला हवं. बाईंचा हात ओठांवर गेला. जीभ चुरचुरते आहे असं वाटलं. खरोखर चुरचुरत होती की नाही देव जाणे. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, एकदा चाटून काही होत नाही. त्याला पोटात ग्रॅमच्या हिशेबाने जावं लागतं.

ग्रॅम. बावीसाचे एकोणीस.

म्हाताऱ्याचा काटा बरोबर होता. खडा पाण्यात पडायच्या आधीच कमी झाला होता, आणि घरी डबीत कापसात ठेवलेल्या खड्याला पाणी कुठून लागणार? थुंकीचं. पाच वर्षांच्या पोरीच्या थुंकीचं. महिनाभर, शाळेतून आल्यावर, आवडीने.

“काका,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “चिमणी कशी आहे?”

“चिमणीचं काय मधेच? दगडाचं बोला.”

“तब्येत कशी आहे तिची?”

“बरी नाही. ओकाऱ्या होतात, पोट दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणाले जंत आहेत. काल बोटं वाकडी करून दाखवत होती, सरळच होत नाहीत म्हणे. नाटकी आहे एक नंबरची. आज तर नुसती रड लावली होती लाल दगडासाठी. शेवटी एक बारका दिला तिच्या हातात आणि निघालो. शेंगदाण्याएवढा. म्हटलं खेळ घेऊन.”

बाई खुर्चीतून उठल्या.

“काका, नीट ऐका. हा दगड विषारी आहे. पाण्यात विरघळतो, थुंकीत विरघळतो. तो आत्ता माझ्या पात्रात विरघळला, आणि आधी विरघळला तो चिमणीच्या पोटात गेलाय. ओकाऱ्या त्याच्याच आहेत. बोटं वाकडी होतायत तीही त्यानेच. घरी फोन लावा आणि तिच्या हातातला काढून घ्यायला सांगा. आत्ता. या मिनिटाला.”

मुकादम त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक ओळखीचं हसू आलं. बाजारात चारदा फसलेल्या माणसाचं, ‘बरोब्बर ओळखलं तुला’ असं सांगणारं हसू.

“विषारी,” ते म्हणाले.

“हो!”

“म्हणजे याला कोणी विचारणार नाही. म्हणजे मी तो इथेच टाकून जावं. मग तुम्ही दया करून ठेवून घ्याल.” त्यांनी खडा उचलला आणि डबीत घालायला सुरुवात केली. “एक म्हणाला काच आहे. दुसरा म्हणाला भेग आहे. तुम्ही तर कमालच केलीत. आधी तीन ग्रॅम काट्यात खाल्लेत, मग पाण्यात घालून झिजवलात, आणि आता विष! वर माझ्या नातीला मधे आणता. लाज वाटत नाही?”

“काका, मला दगड नको. घेऊन जा. फेकून द्या. फक्त फोन करा. नाहीतर नंबर द्या, मी करते.”

“नंबर हवा, पत्ता हवा. मग रात्री माणसं पाठवा घरी.”

मुकादमांनी रुमाल बांधला, सेफ्टी पिन लावली, टोपी सारखी केली आणि दाराकडे वळले. हा माणूस या दारातून बाहेर पडला की संपलं. त्याचं घर कुठे, पोरीचं खरं नाव काय, त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात कुठेतरी एक पोर शेंगदाण्याएवढा खडा गालात धरून बसली होती, आणि ते जगात फक्त त्यांना माहीत होतं. धावत जाऊन त्याला धरावं तर तो चोर-चोर म्हणून ओरडेल. पोलीस बोलवावे तर ते येऊन आधी दोघांची नावं विचारतील. खरं सांगून झालं होतं. जेवढं खरं त्यांच्याजवळ होतं तेवढं सगळं सांगून झालं होतं, आणि म्हाताऱ्याचा हात कडीवर होता.

वीस वर्षांत बाईंनी दगडाची खोटी किंमत कधी सांगितली नव्हती. लोकांनी गळ घातली, धमक्या दिल्या, तरी नाही. अशा खड्याला हौशी संग्राहक बरे पैसे देतात, कारण तो सहसा सापडत नाही आणि सापडला तर टिकत नाही. पण बरे म्हणजे बरेच, त्याहून जास्त नाहीत.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “पकडलंत तुम्ही मला.”

कडीवरचा हात थांबला.

“तुमच्यापुढे काही चालायचं नाही. बसा. खरं सांगते.” आणि त्यांनी एक आकडा सांगितला. ज्या आकड्यात माणूस दोन खोल्यांचं घर घेईल, वर चार वर्षं बसून खाईल, तसला आकडा.

मुकादमांनी टोपी काढली.

“पण तो असाच अख्खा राहिला तर,” बाई पुढे म्हणाल्या. “ही जात दुर्मीळ आहे ती एवढ्याचसाठी. ओलं लागलं की झिजते. तुमच्या नातीने महिनाभर चाटून किती घालवलंय, मोजा तुम्हीच. आणि तो शेंगदाण्याएवढा? लहान खड्यांना तर जास्तच मागणी असते. आत्ता, आपण इथे बोलतोय, तेवढ्यात तो तिच्या तोंडात...”

बाईंना वाक्य पुरं करावं लागलं नाही. मुकादमांनी खिशातून फोन काढला होता. बटणं दाबताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

“सूनबाई! सूनबाई, आधी तिच्या हातातला खडा काढून घे! आधी! धाव!” त्यांचा आवाज चिरकला. “काय? नाही म्हणजे? नीट बघ! गादीत बघ, उशीखाली बघ! तोंडात बघ तिच्या!”

बाईंनी फोन त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

“मी दगड तपासणारी बोलतेय. चिमणी कशी आहे?”

“झोपलीय,” पलीकडून सून म्हणाली. घाबरलेली, पण अजून किती घाबरायचं ते न कळलेली. “मघाशी खूप ओकली, आता शांत झोपलीय. तिच्या हातात काही नाहीये. तोंडातही नाही. बाबा काय म्हणतायत? कसला खडा?”

“उठवा तिला.”

“आत्ताच तर...”

“उठवा!”

फोनमधून पावलं ऐकू आली. मग हाक. लाडाने मारलेली, मग जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग सूनबाईंचा आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

“उठत नाहीये. डोळे अर्धे उघडतेय आणि परत मिटतेय. हात ताठ झालेत. काय झालंय तिला? काय झालंय हो?”

“उचला आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. दूध घ्या बरोबर. नीट शुद्धीवर आली, गिळता आलं, तरच द्या, नाहीतर तोंडात काही घालू नका. कुठलं हॉस्पिटल ते मला सांगा, मी डॉक्टरांना आत्ता फोन करते. त्यांना सांगा फ्लोराइड पोटात गेलंय. म्हणा माझ्यामागून. फ्लोराइड.”

“फ्लोराइड,” सून रडत म्हणाली आणि तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

बाईंनी फोन ठेवला तेव्हा मुकादम भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि जिना उतरवला.

रिक्षात बाईंनी हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. काय गेलं असेल, किती गेलं असेल, कशावरून म्हणता, सगळं त्यांनी विचारलं. ‘किती’ला बाई अडल्या. त्यांनी मुकादमांकडे पाहिलं. “बावीसचे एकोणीस, हे नक्की?”

“नक्की,” मुकादम म्हणाले. इतक्या हळू, की बाईंना ते ओठांवरून वाचावं लागलं.

हॉस्पिटलच्या गल्लीसारख्या लांबट वऱ्हांड्यात त्यांना बाकावर बसवलं. काचेच्या दारापलीकडे चिमणी होती. बाईंनी तिला पहिल्यांदा तिथे पाहिलं: छातीला चिकटवलेल्या तारा, हाताला नळी, आणि पायात एकच मोजा. दुसरा वाटेत कुठेतरी पडला असणार. यंत्राचा टिकटिक आवाज मधेच अडखळायचा आणि तो अडखळला की बाकावरचे दोघेही श्वास घ्यायचे थांबायचे. डॉक्टर एकदा बाहेर आले, म्हणाले, रक्तातलं कॅल्शियम पार तळाला गेलंय, नळीतून देतोय, हृदय सांभाळायचंय, अजून काही सांगता येत नाही. आणि आत गेले. बाईंनी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली होती. पण अशी नाही. अडखळलं की वाटायचं, आता पुढचा ठोका येणार नाही. यायचा. मग पुढच्याची भीती.

मुकादमांनी तेवढ्या वेळात एकदाही मान वर केली नाही. रुमालाचं गाठोडं त्यांच्या सदऱ्यात तसंच होतं. त्याला त्यांचा हात लागला की ते हात झटकून बाजूला घ्यायचे.

खिडकीवरचं ऊन उतरलं तेव्हा दार उघडून सूनबाई बाहेर आल्या. डोळे सुजलेले, केस सुटलेले. त्या मुकादमांसमोर जमिनीवरच बसल्या.

“ठोके नीट पडतायत म्हणाले. हात सैल झाले. मला ओळखलं तिने, बाबा. आई म्हणाली.” त्यांना रडू आवरेना. “डॉक्टर म्हणतात, अर्धा तास जरी उशीर झाला असता तरी... बाबा, तुमचा आवाज ऐकला आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. इतकी वर्षं झाली मला या घरात, तुम्हाला एवढं घाबरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं तुमचा जीव दगडांत आहे. रागावले असेन कधीकधी, मनात धरू नका. तिच्यावर तुमचा किती जीव आहे ते आज कळलं मला.”

सूनबाईंनी डोळे पुसले, बाईंचा हात घट्ट दाबला आणि परत आत गेल्या.

“बाई,” मुकादम समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. “विष म्हणालात तेव्हा मी टोपी घालून दारापर्यंत गेलो होतो.”

“जाऊ द्या, काका.”

“आकडा सांगितलात तेव्हा फोन लावला.”

बाईंनी काहीतरी बोलायला हवं होतं. माणसाला धीर देणारी शंभर वाक्यं असतात, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. त्या दिवशी खोटं बोलायचा त्यांचा वाटा संपला होता.

“आता ती बरी होईल,” मुकादम म्हणाले. “मोठी होईल. आणि सूनबाई तिला जन्मभर सांगत राहील, आजोबांनी वाचवलं तुला म्हणून.”

आतून एक बारीक, बसलेला आवाज आला. आधी पाणी मागितलं. मग आजोबा कुठे आहेत म्हणून विचारलं. मग दारापर्यंत ऐकू येईल अशी हाक मारली. सूनबाईंनी काचेतून हसत हाताने बोलावलं.

मुकादम जागचे उठले नाहीत.